अभिप्रायार्थ आलेलं पुस्तक आणि आपली भीड

प्रश्न असा आहे: "मी बडोद्यात राहते. दोन वर्षांपासून इन्स्टाग्रामवर मराठी पुस्तकांबद्दल लिहिते. आता लेखक-प्रकाशक आपणहून पुस्तकं पाठवायला लागलेत. सध्या पाच पुस्तकं पडून आहेत. त्यातला एक कवितासंग्रह मामांच्या स्नेह्यांचा आहे. ते दर रविवारी फोन करतात आणि मला तो संग्रह आवडलेला नाही. पुस्तक घेतलं म्हणजे लिहायलाच हवं का? आवडलं नाही तर काय करायचं? फुकट मिळालं हे सांगायचं का? आणि वाचून झालेल्या प्रतींचं काय करायचं?"

हे सगळे प्रश्न एकाच गाठीत अडकलेत. पुस्तक फुकट आलं की मन मिंधं होतं. मी १९९६ पासून पुस्तकांवर लिहिते आहे, आधी मासिकांत, मग एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत, आता तुमच्यासारखीच ऑनलाइनही. तो मिंधेपणा मला अजूनही जाणवतो. म्हणून आधी कोण कोणाचं काय देणं लागतं, ते नीट लावून घेऊ.

मला पहिलं पुस्तक पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकांनी पोस्टाने पाठवलं. ब्राउन पेपर, वर सुतळीची गाठ, आत एक कादंबरी आणि कोऱ्या पानावर जांभळ्या शाईचा शिक्का: 'अभिप्रायार्थ'. सोबत चार ओळींचं कार्ड. शब्दमर्यादा ६००, मुदत सहा आठवडे. मराठी नियतकालिकांची ही जुनी रीत. 'परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात' अशी सूचना अंकात छापलेली असायची. एक प्रत कार्यालयात राहायची, दुसरी परीक्षकाकडे जायची आणि त्याचीच होऊन जायची. या बदल्यात प्रकाशकाला हक्काने मिळायची ती 'साभार पोच' सदरातली एक नोंद: पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत. पुढे परीक्षण येणार की नाही, कोण लिहिणार, ते संपादक ठरवायचे. लेखकाने कितीही पत्रं पाठवली तरी ती संपादकांच्या टेबलावर थांबायची, माझ्यापर्यंत पोचायची नाहीत. त्यांनी माझ्या वाट्याची किती भीड स्वतःच्या अंगावर घेतली, हे मला फार उशिरा कळलं.

तुमच्या बाबतीत मधला संपादकच नाही. पुस्तक थेट दारात येतं, लेखकाचा नंबर तुमच्या फोनमध्ये असतो आणि तुमचा त्याच्या. म्हणून परीक्षकाचं काम तर तुम्ही कराच, पण संपादकाचंही तुम्हालाच करावं लागेल. पुस्तक घ्यायचं की नाही, कोणाला नाही म्हणायचं, मुदत किती, हे सगळं वाचनाला बसण्याआधी ठरलेलं हवं.

लिहिणं बंधनकारक आहे का, ते पुस्तक तुमच्याकडे कसं आलं यावर अवलंबून आहे. तुम्ही स्वतः मागितलं असेल तर हो, बंधन आहे. पूर्ण वाचायचं, लिहायचं, आणि लिहिणं जमलं नाही तर पाठवणाऱ्याला कारण कळवायचं. त्यांनी "पाठवू का?" विचारलं आणि तुम्ही "पाठवा" म्हणालात, तर वाचायचा प्रयत्न आणि निर्णय कळवणं एवढं देणं लागता. न विचारता आलं असेल तर फक्त पोच. वाचायचंसुद्धा बंधन नाही. पोच मात्र दोन दिवसांत द्या. "पुस्तक मिळालं, आभार. सध्या हातात बरंच आहे, वाचता आलं तर कळवीन." एवढ्याने पाठवणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. कुरिअर पोचलं की नाही ही विचारणा करायलाही नवा लेखक चार दिवस संकोचतो.

मागताना मात्र हात आखडता ठेवा. एकेका आवृत्तीच्या आता पाचशे किंवा तीनशेच प्रती काढणारे प्रकाशक कमी नाहीत. लेखकाला करारानुसार काही प्रती मोफत मिळतात आणि त्या घरच्यांत, गुरुजनांत संपतात. पुढच्या प्रती तो सवलतीत विकत घेतो. कित्येक कवींनी तर छपाईचा खर्चच पदरचा केलेला असतो. म्हणजे तुमच्याकडे 'फुकट' आलेली प्रत बहुधा कोणीतरी पैसे मोजून पाठवलेली असते, वर कुरिअरचा खर्च वेगळा. ज्या पुस्तकावर लिहायची खात्री नाही ते मागायचं नाही. विकत घ्या, वाचनालयातून आणा.

कोणी "पाठवू का?" विचारलं की मी एकच मजकूर पाठवते. तुम्हाला पटला तर वापरा:

"विचारल्याबद्दल आभार. मी महिन्याला दोनच पुस्तकांवर लिहिते, त्यामुळे तीन महिने लागू शकतात. लिहीनच असं आश्वासन देत नाही. लिहिलं तर जे वाटलं तेच लिहीन आणि छापण्याआधी मजकूर दाखवणार नाही. हे चालत असेल तर जरूर पाठवा."

बरेच जण तरीही पाठवतात. जे पाठवत नाहीत, त्यांना प्रशस्तिपत्रच हवं होतं. २०१८ च्या फेब्रुवारीत ९१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या बडोद्यात झालं, तेव्हा मला हा मजकूर तोंडी म्हणायचं धैर्य झालं नाही. तीन दिवसांत अकरा पुस्तकं हातात पडली, प्रत्येकावर सही, प्रत्येकासोबत "नक्की लिहा हं ताई". सगळ्यांना हो म्हणाले. लिहिलं चौघांवर. उरलेल्या सातांना कळवायला मला वर्ष लागलं. पुस्तक हातात देणाऱ्या माणसाला नाही म्हणणं फार अवघड असतं, पण तोंडी दिलेलं "हो" हेसुद्धा वचनच.

एक वही ठेवा. माझ्या वहीत पाच रकाने आहेत: आलेली तारीख, पुस्तक, कोणी पाठवलं, मागून की न मागता, आणि काय कळवलं. शेवटचा रकाना रिकामा राहिला की मला चैन पडत नाही, आणि त्यासाठीच तो आहे.

आता नावडलेल्या पुस्तकाकडे. तुमच्या प्रश्नातला अवघड भाग हाच.

२००४ च्या सुमाराची गोष्ट. एक वयोवृद्ध लेखक स्वतः घरी येऊन कादंबरी देऊन गेले. चहा झाला, तासभर बसले, माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. कादंबरी मी नेटाने संपवली. पानापानावर योगायोग, पात्रं भाषणं करणारी. तरी मी लिहिलं, 'ओघवती भाषा, मनाला भिडणारी पात्रं, प्रत्येकाने वाचावी अशी'. भिडेपोटी. दोन महिन्यांनी दांडिया बाजारात एका कार्यक्रमानंतर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्यापाशी आले. त्यांनी पिशवीतून तीच कादंबरी काढली. माझं परीक्षण वाचून त्यांनी ती पुण्याहून मागवली होती. चाळिसाव्या पानात सिटी बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं. ते पान उघडून त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "बाई, तुम्ही इथपर्यंत वाचलं होतं ना?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं की चूक कोणाची, पुस्तकाची की त्यांच्या समजुतीची. आपल्याला कळत नसेल, असंच ते धरून चालले होते. मला त्याचीच जास्त लाज वाटली.

पुण्यात माणूस दुकानात जाऊन पुस्तक चाळतो, दोन पानं वाचतो आणि मग ठरवतो. बडोद्यात मराठी पुस्तकाच्या बाबतीत ही सोय तुटपुंजी आहे. इथला वाचक परीक्षणाच्या भरवशावर पैसे पाठवतो. लेखकाने तुम्हाला तीनशे रुपयांचं पुस्तक दिलं आणि तुमच्या शब्दावर दहा वाचकांनी प्रत्येकी तीनशे रुपये घातले, तर हिशेब कोणाला द्यायचा हे उघड आहे. 'भीड भिकेची बहीण' म्हणतात. इथे भीड तुमची असते आणि पैसे दुसऱ्याचे जातात.

म्हणून पुस्तक आवडलं नाही तर दोनच वाटा. एक, लिहायचं आणि कारणासकट लिहायचं. 'कंटाळवाणं आहे' हे मत झालं, कारण नाही. 'पहिल्या शंभर पानांत सहा पात्रं येतात आणि सहाही एकाच आवाजात बोलतात' हे कारण झालं. त्यावरून वाचक स्वतः ठरवू शकतो, लेखकालाही काही हाती लागतं. काय जमलंय तेही त्याच तपशिलाने सांगा. कडू गोळीवर साखर म्हणून नको, खरंच जमलं असेल तर. दुसरी वाट, लिहायचं नाही आणि तसं कळवायचं. पहिलंच पुस्तक असेल, छोट्या प्रकाशनाचं असेल, कोणाच्या फारसं नजरेत येणार नसेल, तर मी दुसरी वाट घेते. जे पुस्तक कोणी वाचणारच नाही, ते वाचू नका म्हणून गावभर सांगण्यात वाचकाचं काही भलं होत नाही. नावाजलेल्या लेखकाचं, जाहिरात होऊन विकलं जाणारं पुस्तक फसलेलं असेल, तर मात्र लिहिते.

तिसरी एक वाट आपल्याकडे फार रुळली आहे आणि ती मला मान्य नाही: 'परिचय' लिहायचा. कथानक सांगायचं, मलपृष्ठावरचा मजकूर थोडा फिरवून घ्यायचा, शेवटी 'मुखपृष्ठ आकर्षक, छपाई सुबक' म्हणायचं आणि मत गिळून टाकायचं. परिचय हा स्वतंत्र, चांगला लेखनप्रकार आहे. माहितीपर पुस्तकाला तो शोभतोही. पण मत देणं टाळायला परिचयाच्या आड लपलं की वाचक ओळखतो.

पूर्ण न वाचलेल्या पुस्तकावर लिहू नये, तारे तर मुळीच देऊ नयेत. मध्येच सोडलेल्या पुस्तकाबद्दल लिहायचंच असेल तर कुठल्या पानावर सोडलं ते सांगा. मसुदा लेखकाला दाखवू नका. साल, गावाचं नाव, अशा एखाद्या तपशिलाची शंका असेल तर तेवढंच विचारा. छापून आल्यावर दुवा किंवा कात्रण एकदा पाठवा. प्रतिकूल लिहिलं असेल तर पोस्टमध्ये लेखकाला टॅग करू नका. टीका वाचकांसाठी असते, ती चारचौघांत नेऊन लेखकाच्या दारावर चिकटवायची नसते. आणि पैसे? कोणी 'परीक्षणाचं मानधन' देऊ केलं, तर मासिकाच्या संपादकाकडून घ्यावं. लेखक-प्रकाशकाकडून घेतलं की ती जाहिरात झाली, मग तिला परीक्षण म्हणू नये.

फुकट मिळालं हे सांगायचं का? सांगायचंच, आणि सुरुवातीला. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर वस्तूंबद्दल लिहिणाऱ्यांसाठी नियमावली काढली. पैसे घेतले नसले तरी फुकट मिळालेली वस्तू हासुद्धा सांगावा असा संबंध आहे, असं ती धरते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत हा खुलासा हवा, आणि तो हॅशटॅगच्या गर्दीत दडवलेला नको. म्हणजे मराठी पोस्टखाली पंधरा हॅशटॅगांत इंग्रजीतला एक शब्द घुसवून भागत नाही. हे नियम मुळात जाहिरातींसाठी आहेत. नुसतं प्रामाणिक मत म्हणजे जाहिरात नव्हे. पण वाचकाला ती ओळ मिळायला हवी, कायदा लागू होवो न होवो. ओळ साधी असते: 'हे पुस्तक प्रकाशकांनी अभिप्रायासाठी पाठवलं.' ओळख असेल तर तीही सांगा: 'लेखक माझ्या परिचयाचे आहेत.' ही ओळ वाचून वाचक निघून जाईल अशी भीती सुरुवातीला मलाही होती. उलट नावडलेल्या पुस्तकाच्या परीक्षणावर ती ओळ दिसली की त्याचा आपल्यावरचा विश्वास वाढतो.

अ‍ॅमेझॉनवर लिहीत असाल तर तिथला नियम माहीत असू द्या. पुस्तकाची मोफत प्रत देणं तिथे चालतं, पण त्या बदल्यात परीक्षणाची अट घालणं किंवा ते कसं असावं हे सुचवणं चालत नाही. घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी परीक्षण लिहिणंही चालत नाही. "पाच तारे टाका ना" असा निरोप आला तर हा नियम सांगा, वाईटपणा आपल्याकडे येत नाही.

पीडीएफबद्दल थोडं कडक बोलते. हल्ली प्रत छापून येण्याआधी फाइल पाठवतात. ती फक्त तुमच्यासाठी असते. वाचनगटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर "फक्त आपल्या आपल्यात" म्हणून टाकलेली फाइल आठवड्यात कुठे कुठे जाते याला धरबंध नसतो आणि ती परत घेता येत नाही. अशा फाइलीतला उतारा द्यायचा असेल तर छापील पुस्तकाशी ताडून पाहा, शेवटचा हात फिरवताना वाक्यं बदलतात. प्रकाशनाची तारीख सांगितली असेल तर तिच्या आधी लिहू नका.

उतारे देण्याची मोकळीक आपल्याला कायद्यानेच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम समीक्षा-परीक्षणासाठी मूळ मजकुराचा उचित वापर करू देतं. पण कवितेच्या बाबतीत जपा. आठ ओळींची कविता हीच एक पूर्ण कलाकृती असते. संग्रहातल्या पाच अख्ख्या कवितांचे फोटो टाकले तर त्याला उतारा म्हणता येणार नाही. दोन-चार ओळी घ्या, त्यांच्यावर बोला. पूर्ण कविता द्यायचीच असेल तर कवीला विचारा, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.

राहिल्या प्रती. विकायच्या नाहीत. परीक्षण छापून आल्यावर ती प्रत तुमची झालेली असली तरी 'अभिप्रायार्थ' शिक्क्याचं पुस्तक जुन्या बाजारात दिसणं लेखकाला लागतं. पस्तीत, म्हणजे रद्दीत, तर नाहीच नाही. एका परिचित कवयित्रीला तिचाच संग्रह, तिने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या भेटीच्या ओळींसह, पस्तीवाल्याच्या तराजूजवळ सापडला होता. ज्यांना दिला होता त्यांच्या घरी ती त्यानंतर कधी गेली नाही. सही असलेलं पान फाडून पुस्तक पुढे देणं त्याहून वाईट. सही केलेली प्रत शक्यतो ठेवावी, नाहीतर ज्याला ती खरंच हवी अशा वाचकाला सांगून द्यावी.

बाकीची वाचनालयाला द्या. आपण या बाबतीत भाग्यवान गावात राहतो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन हे अमेरिकी ग्रंथपाल बोलावले, मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालयं खेड्यापाड्यांत गेली. १९१२ मध्ये ग्रंथालयांविषयीचं नियतकालिक इथून निघालं, ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. आज मांडवीच्या या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी वाचक किती येतात हे तुम्ही डोळ्यांनी पाहता. नवं मराठी पुस्तक तिथे किंवा एखाद्या मराठी शाळेच्या कपाटात गेलं तर ते मागायला कोणीतरी येतं. आधी ग्रंथपालांना विचारा, त्यांना काय हवं, काय आधीच आहे. गठ्ठा नेऊन टेबलावर ठेवू नका. मी वर्षातून दोनदा देते, आत परीक्षणाची छापील प्रत घडी करून ठेवते. प्रकाशनपूर्व प्रत मात्र देऊ नका, ती वाचकापर्यंत जायची नसते.

आता मामांचे स्नेही. दर रविवारच्या फोनला "बघते", "वाचतेय" म्हणून तुम्ही त्यांची आशा वाढवत आहात. त्यांचं पुस्तक तुम्ही मागितलं नव्हतं, पण घेतलं आहे आणि वाचलंही आहे, तेव्हा निर्णय कळवणं एवढं देणं आहे. नात्यातल्या आणि स्नेह्यांच्या पुस्तकांवर लिहीत नाही, असा नियम आजच करून टाका आणि पुढे आवडलेल्या पुस्तकालाही तो लावा. तसं केलं तरच तो खरा. मामांना मध्ये घालू नका. त्यांच्या तोंडून निरोप गेला तर दोघांचं बिनसेल. फोन येईपर्यंत थांबू नका, शनिवारीच आपणहून करा. वयाने मोठे आहेत, मेसेजवर भागवू नका. सुरुवातीलाच सांगा, "काका, संग्रह पूर्ण वाचला. मी घरच्या ओळखीतल्या पुस्तकांवर लिहीत नाही असं ठरवलंय, म्हणून यावर लिहिणार नाही. आधीच सांगायला हवं होतं, उशीर झाला, त्याबद्दल क्षमा करा." ते विचारतील, "पण आवडला का?" तेव्हा खोटं बोलू नका आणि सगळंही ओतू नका. एखादी ओळ, एखादी प्रतिमा खरंच लक्षात राहिली असेल, तर पान क्रमांकासह तेवढी सांगा. साठ कवितांत एक ओळ सापडतेच, त्यासाठी फोनआधी संग्रह पुन्हा एकदा चाळा. त्यांनी खोदून विचारलंच, तर "मला बऱ्याच कविता थोड्या लांबल्यासारख्या वाटल्या" असं, जे खरं असेल ते, एका वाक्यात.

उरलेली चार पुस्तकं आलेल्या तारखेच्या क्रमाने लावा. कोणतं मागून आलं आणि कोणतं न मागता, ते प्रत्येकावर पेन्सिलीने लिहा. मागून आलेलं आधी वाचायला घ्या. बाकीच्यांची पोच द्यायची राहिली असेल, तर ती आज रात्रीच पाठवा.